न दिसणाऱ्या लहरींचे मोजमाप

आपल्या वसाहतींमधून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवा वाद उभा राहिला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवू द्यावा की न द्यावा? सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की सभासदांचे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, दरमहा भाडे येईल, त्यातून इमारतीची दुरुस्ती होईल, पाण्याची टाकी नवी बांधता येईल. दुसरा गट म्हणतो, घरात लहान मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत, चार पैशांसाठी आरोग्य विकू नका. आवाज चढतात, जुनी भांडणे निघतात आणि शेवटी हात वर करून निर्णय होतो. परंतु या साऱ्या बोलण्यात एक साधा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. तो असा की, त्या टॉवरमधून किती शक्ती बाहेर पडते आणि तिच्यातील किती आपल्या खिडकीपर्यंत पोहोचते?

आम्ही दूरसंचाराच्या क्षेत्रात नोकरी केलेली मंडळी आहोत. या प्रश्नाचे उत्तर देणारे यंत्र आम्ही अनेक वर्षे हाताळले आहे. त्याला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर म्हणतात. मराठीत वर्णपट विश्लेषक म्हणता येईल, पण कामावर सारेजण अ‍ॅनालायझरच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. हे यंत्र काय दाखवते, त्याचा आकडा कसा वाचावा आणि त्या आकड्यावर कोठवर विश्वास ठेवावा, हे आमच्या वाचक बंधू-भगिनींना सोप्या भाषेत समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

लहर म्हणजे काय?

रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांत गूढ असे काही नाही. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत त्या निर्माण करून दाखविल्या. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात याच जातीच्या अतिशय आखूड लहरींनी, मध्ये तार नसताना, दूरवर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. ज्या प्रकाशात आपण वाचतो तोही याच कुळातला. सर्वांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फरक आहे तो वारंवारतेचा, म्हणजे एका सेकंदात लहर किती वेळा वरखाली होते याचा. या मोजणीच्या एककाला हर्ट्झ यांचेच नाव दिले आहे. सेकंदाला दहा लाख वेळा म्हणजे एक मेगाहर्ट्झ.

वारंवारता हा लहरीचा पत्ता समजावा. मुंबईकरांच्या ओळखीचे आकाशवाणीचे एफएम रेनबो १०७.१ मेगाहर्ट्झवर लागते. एफएमचा संपूर्ण पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्याच्या थोडे वर, ११८ ते १३७ मध्ये, विमानाचे वैमानिक आणि विमानतळ यांचे बोलणे चालते. जुन्या जीएसएम पद्धतीत टॉवरकडून फोनकडे येणारा ९३५ ते ९६० हा एक पट्टा, दुसरा १८०५ ते १८८०. घरातले वायफाय बहुधा २४०० ते २४८३.५ मध्ये, तर ५-जीचा एक मोठा पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढे. म्हणजे आपण ज्याला रिकामी हवा म्हणतो ती बाजाराच्या दिवसासारखी गजबजलेली असते. मात्र प्रत्येकाला आपापली जागा ठरवून दिलेली आहे.

यंत्र काम कसे करते?

ज्यांनी जुना रेडिओ वापरला आहे त्यांना हे चटकन कळेल. त्या रेडिओला एक चकती असे. ती फिरवली की लाल काटा सरकत जाई. मध्ये नुसती खरखर, मग एकदम स्टेशन, पुन्हा खरखर, पुन्हा दुसरे स्टेशन. आता कल्पना करा की एकजण तो काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत आहे आणि दुसरा प्रत्येक ठिकाणी आवाज किती मोठा आला ते आलेखाच्या कागदावर टिंब देऊन नोंदवीत आहे. टिंबे जोडली की कागदावर डोंगररांग उमटेल. जेथे स्टेशन तेथे शिखर, जेथे खरखर तेथे सपाट माळ. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेमके हेच करतो, फक्त एका सेकंदात अनेकदा करतो. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वारंवारता वाढत जाते आणि खालून वर शक्ती.

यंत्राच्या पोटातील रचनाही रेडिओसारखीच असते. अँटेनाकडून आलेला संकेत प्रथम अ‍ॅटेन्युएटरमधून जातो. हा भाग शक्ती ठराविक प्रमाणात कमी करतो. मग मिक्सरमध्ये तो संकेत यंत्राने स्वतः तयार केलेल्या लहरीशी मिसळला जातो आणि दोहोंच्या फरकाची तिसरी लहर मिळते. ती एका ठराविक गाळणीतून गाळून तिची शक्ती मोजली जाते. यंत्राची स्वतःची लहर सरकत राहते, तसतशी बाहेरील एकेक वारंवारता पाळीपाळीने गाळणीसमोर येते. अमेरिकेतील एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली रेडिओसाठी ही युक्ती वापरली. अलीकडच्या यंत्रांत पुष्कळसे काम संगणकी गणिताने होते. तथापि आकडा वाचण्याचे नियम तेच राहिले आहेत.

डेसिबलचा हिशेब

पडद्यावरील आकडे डीबीएममध्ये असतात आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. वस्तुतः हिशेब अगदी सोपा आहे. एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग, याला ० डीबीएम म्हणायचे. शक्ती दहापट झाली की १० मिळवायचे, दहावा हिस्सा झाली की १० वजा करायचे. दुप्पट झाली तर सुमारे ३ मिळवायचे. म्हणून एक वॅट म्हणजे ३० डीबीएम आणि वीस वॅट म्हणजे ४३ डीबीएम. उलट बाजूस, उणे ३० डीबीएम म्हणजे मिलिवॅटचा हजारावा भाग. मोबाईलवर बोलणे व्यवस्थित चालू असताना फोनकडे पोहोचणारा संकेत उणे ७० डीबीएमच्या आसपास असू शकतो. उणे ७० म्हणजे एका वॅटचा एक हजार कोटीवा भाग! इतक्या क्षीण शक्तीवर आपले बोलणे चालते.

ही पद्धत वापरण्याचे कारण उघड आहे. टॉवरच्या तोंडाशी वीस वॅट आणि फोनपाशी वॅटचा हजार कोटीवा भाग, हे एकाच आलेखावर साध्या आकड्यांत मांडायचे तर कागद पुरणार नाही. डेसिबलमध्ये तेच ४३ आणि उणे ७० असे सुटसुटीत होते. पण याच सोयीत एक धोका आहे. डेसिबलमधील लहान फरक प्रत्यक्षात फार मोठा असतो. उणे ३० आणि उणे १३ हे आकडे ऐकायला जवळचे वाटले तरी त्यांत पन्नासपटीचा फरक आहे.

चाळण बारीक की जाड?

वर ज्या गाळणीचा उल्लेख केला, तिच्या रुंदीला रिझोल्यूशन बँडविड्थ म्हणतात. आपल्या माता-भगिनींना रव्याची चाळण आणि पिठाची चाळण यांतला भेद सांगावा लागत नाही. येथेही तसेच आहे. गाळणी अरुंद ठेवली तर शेजारी शेजारी असलेले दोन संकेत वेगवेगळे दिसतात आणि यंत्राची स्वतःची खरखरही खाली जाते. गाळणी दहापट अरुंद केली की खरखर १० डेसिबलने उतरते. ही खरखर पूर्णपणे कधीच जात नाही, कारण खोलीच्या तपमानालाच प्रत्येक हर्ट्झ रुंदीमागे सुमारे उणे १७४ डीबीएम इतकी खरखर निसर्गतः असते. अरुंद गाळणीची किंमत वेळेत मोजावी लागते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात गाळणी दहापट अरुंद केली तर एक फेरी पुरी व्हायला साधारण शंभरपट वेळ लागतो.

आता मुख्य मुद्दा. ४-जीचा संकेत एका बिंदूवर नसतो, तो काही मेगाहर्ट्झ पसरलेला असतो. समजा, तो ५ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि गाळणी १०० किलोहर्ट्झची आहे. तर पडद्यावर दिसणारी उंची ही संपूर्ण संकेताची शक्ती नसून त्याच्या सुमारे पन्नासाव्या तुकड्याची असते. सबंध भाकरीचे वजन विचारले असता एका घासाचे वजन सांगावे, तसा हा प्रकार होतो. पूर्ण शक्ती काढण्यासाठी सर्व तुकड्यांची बेरीज करावी लागते, म्हणजे येथे १७ डेसिबल मिळवावे लागतात. चांगल्या यंत्रात ‘चॅनल पॉवर’ नावाची सोय असते, ती ही बेरीज स्वतः करते. मोजणाऱ्याने ती वापरली की नाही, हे विचारण्याचा सभासदांना हक्क आहे.

टॉवरचे गणित

आता गच्चीकडे येऊ. समजा, एका अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आहे. अँटेना ही शक्ती चहूकडे उधळत नाही. टॉर्चप्रमाणे ती एका दिशेला झोत टाकते आणि झोतातील शक्ती सुमारे पन्नासपट दाट होते. म्हणजे झोताच्या बरोबर समोर उभे असणाऱ्यास १००० वॅटचा दिवा चहूकडे प्रकाश देत असल्याचा भास होईल. अंतर दुप्पट झाले की शक्तीची दाटी एक चतुर्थांश होते. त्यानुसार हिशेब केला तर झोताच्या ऐन समोर २० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॅट, ४० मीटरवर ०.०५ वॅट आणि १०० मीटरवर ०.००८ वॅट पडतात.

याची तुलना कशाशी करायची? आपल्या देशाने २००८ साली आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा स्वीकारली होती. १ सप्टेंबर २०१२ पासून ती दशांश करण्यात आली. त्या वेळी ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी ९ ऐवजी ०.९ वॅट अशी मर्यादा ठरली. आमचे पुढील हिशेब २०१२ च्या याच आकड्यांवर केले आहेत. मोजणी करविण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली मर्यादा दूरसंचार विभागाकडून विचारून घ्यावी. वरील उदाहरणात झोताच्या समोर साधारण १३ मीटरच्या आत गेल्यास ०.४५ ची रेषा ओलांडली जाते. म्हणून चालू अँटेनाच्या तोंडासमोर, वाळवण घालण्यासाठी असो की पतंग उडविण्यासाठी, कोणीही जाऊ नये. तेथे कुलूप आणि सूचनाफलक असलाच पाहिजे.

येथे एक गोष्ट सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. झोत आडवा बाहेर जातो, थोडासा खाली झुकलेला. दिव्याखाली अंधार या न्यायाने ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या खोल्यांत शक्ती बहुधा कमी पोहोचते, वर मध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो. अधिक पोहोचते ती समोरच्या, तितक्याच उंचीच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. भाडे एका संस्थेला आणि झोत दुसरीच्या खिडकीत, असा हा व्यवहार होऊ शकतो. म्हणून मोजमाप केवळ आपल्या इमारतीत करून भागत नाही. समोरच्या घरातही ते झाले पाहिजे आणि त्याचा कागद त्यांनाही मिळाला पाहिजे. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आकडा कसा वाचावा?

अ‍ॅनालायझर शक्तीची दाटी थेट दाखवत नाही. अँटेनाने किती शक्ती गोळा केली तेवढेच तो सांगतो. चहूकडून सारखेच ग्रहण करणारी आदर्श अँटेना ९०० मेगाहर्ट्झला सुमारे ८८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेतील शक्ती गोळा करते. तेथे ०.४५ वॅटची मर्यादा गाठली गेली तर यंत्राकडे सुमारे ४ मिलिवॅट, म्हणजे अधिक ६ डीबीएम येतील.

समजा, समोरच्या घराच्या खिडकीत मोजणी केली आणि पडद्यावर ४-जीच्या संकेताची उंची उणे ३० डीबीएम दिसली. घाईने पाहणारा म्हणेल, ६ आणि उणे ३० यांत ३६ डेसिबलचे अंतर, म्हणजे मर्यादेच्या चार हजाराव्या भागाइतकी शक्ती, काळजीच नको. परंतु संकेत ५ मेगाहर्ट्झ रुंद, गाळणी १०० किलोहर्ट्झची, म्हणून १७ मिळवा. उणे १३ झाले. अँटेनापासून यंत्रापर्यंतच्या केबलमध्ये २ डेसिबल गळाले असतील तर तेही मिळवा. उणे ११ झाले. आता अंतर उरले १७ डेसिबलचे, म्हणजे मर्यादेचा पन्नासावा भाग. यंत्र तेच, पडदा तोच, पण एक उत्तर चार हजारावा भाग आणि दुसरे पन्नासावा! दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत हे खरे. पण गच्चीवर एकाऐवजी चार कंपन्यांच्या अँटेना असतील, तर प्रत्येक पट्ट्यातील शक्ती तिच्या मर्यादेच्या किती हिस्सा आहे ते काढून सर्व हिस्से एकत्र मिळवावे लागतात. ती बेरीज एकाच्या आत हवी. तेथे पन्नासावा भाग आणि चार हजारावा भाग यांतला फरक किरकोळ राहत नाही.

मोजताना घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट, यंत्राच्या तोंडावर किती शक्ती सोसते ते छापलेले असते. पुष्कळ यंत्रांवर ते ३० डीबीएम, म्हणजे एक वॅट असते. वॉकीटॉकी किंवा प्रक्षेपक सरळ जोडला तर लाखो रुपयांचे यंत्र क्षणात निकामी होते. मध्ये पुरेसा अ‍ॅटेन्युएटर लावल्याशिवाय जोडणी करू नये.

दुसरी गोष्ट, जवळच बलवान संकेत असला की यंत्र स्वतःच गांगरते आणि नसलेले संकेत पडद्यावर दाखवू लागते. याची परीक्षा सोपी आहे. यंत्रातील अ‍ॅटेन्युएटर १० डेसिबलने वाढवावा. खरा संकेत जागचा हलत नाही, कारण यंत्र तेवढी भर आपणहून धरते. खोटा संकेत मात्र खाली येतो किंवा नाहीसा होतो.

तिसरी गोष्ट, एका जागी, एका दिशेला, एका क्षणी घेतलेली नोंद अपुरी असते. लहरी भिंतींवरून परततात, त्यामुळे हातभर अंतरावर आकडा बदलतो. अँटेना तिन्ही दिशांना फिरवून बेरीज करावी लागते. शिवाय टॉवरवरील काम दिवसभर सारखे नसते. दुपारपेक्षा रात्री, सारेजण फोनवर असतात तेव्हा, शक्ती अधिक असू शकते. ५-जीचा झोत तर पुष्कळदा मागणी असेल त्या दिशेलाच वळतो. म्हणून गर्दीच्या वेळी, सहा मिनिटांची सरासरी आणि त्या काळातील सर्वोच्च नोंद अशा दोन्ही घ्याव्यात. केबल, अँटेना आणि यंत्र यांची अलीकडे तपासणी झाल्याचा दाखलाही मागावा. न तपासलेल्या तराजूवर आपण भाजी घेत नाही, मग येथे का चालवून घ्यावे?

हेच यंत्र, उलटा प्रश्न

टॉवरपाशी आपण विचारतो, लहरी जास्त तर नाहीत ना? पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे शास्त्रज्ञ नेमके उलटे विचारतात, पुरेशी शांतता आहे ना? तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा एक मोठा विचार होता. आकाशातील हायड्रोजन वायू १४२० मेगाहर्ट्झवर जो संकेत देतो, तो आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण होतो की विजेच्या तारेवरील सैल जोडाची ठिणगी किंवा जवळचा मोबाईलसुद्धा त्याला बुडवू शकतो. त्यामुळे हा गोंगाट कोठून येतो याचा मागही अशाच मोजणीने काढावा लागतो. ज्याला आपण अगदी कमी म्हणतो ते दुसऱ्या कामासाठी फार जास्त असू शकते. आकड्याला अर्थ येतो तो कशासाठी मोजले यावरून.

मोजमाप काय सांगते आणि काय सांगत नाही

आता आरोग्याविषयी. रेडिओ लहरींमध्ये क्ष-किरणांप्रमाणे अणूंतील इलेक्ट्रॉन उखडून काढण्याची शक्ती नसते. त्यांचा निश्चित सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर तापणे, आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रामुख्याने त्यापासून संरक्षणासाठी आखली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो. धोका सिद्ध झाला असा होत नाही, आणि धोका नाहीच असाही होत नाही. अ‍ॅनालायझर लहर किती आहे ते सांगतो. कोणाच्या डोकेदुखीचे कारण तो सांगू शकत नाही. ज्याला आजार आहे त्याने डॉक्टरांकडेच जावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टॉवर दूर असला की फोनला अधिक जोराने ओरडावे लागते. ९०० मेगाहर्ट्झचा जुना जीएसएम फोन क्षणिक २ वॅटपर्यंत आणि ४-जीचा फोन साधारणतः ०.२ वॅटपर्यंत शक्ती सोडू शकतो, आणि फोन तर कानाला चिकटलेला असतो. टॉवर हटविला आणि फोनवरील काड्या दोनवर आल्या, तर घरातील माणसाच्या डोक्याजवळची शक्ती कमी न होता वाढू शकते. सभेत हात वर करण्यापूर्वी हाही विचार व्हावा.

आपण काय करावे?

दूरसंचार विभागाने २०१७ साली ‘तरंग संचार’ नावाची सोय सुरू केली. तीत आपल्या भागातील टॉवरची माहिती पाहण्याची, तसेच तेव्हा ठरविलेले ४००० रुपये भरून हव्या त्या जागी मोजणी करून घेण्याची तरतूद होती. अशी मोजणी अधिकाऱ्यांकडून करून घेताना आपले दोन जाणते सभासद हजर असावेत. जागा, वेळ, पट्टा, गाळणीची रुंदी, केबलची गळती आणि मर्यादेशी तुलना हे सर्व कागदावर लिहून घ्यावे. तो कागद सूचनाफलकावर लावावा आणि नवी अँटेना बसल्यावर मोजणी पुन्हा करावी. टॉवरच्या करारातच ही अट घालून घेतली तर उत्तम.

आमच्या तरुण मित्रांना एक आग्रहाचे सांगणे आहे. आज तळहातावर मावणारी छोटी यंत्रे काही हजार रुपयांत मिळतात. त्यांचा आकडा सरकारी मोजणीच्या जागी चालणार नाही, परंतु शिकण्यासाठी ती पुरेशी आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींनी दोघा-तिघांत मिळून एखादे घ्यावे, एफएमची स्टेशने शोधावीत, घरातले वायफाय पाहावे, गाळणी बदलून खरखर कशी वरखाली होते ते अनुभवावे. ज्याला हे वाचता येते त्याला उद्या रोजगार तर मिळेलच, पण त्याच्या वसाहतीला कोणी खोटी भीती घालू शकणार नाही आणि खोटा दिलासाही देऊ शकणार नाही. पुढच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा कोणीतरी एकाने उभे राहून, आधी मोजून घेऊ आणि मग बोलू, एवढे म्हटले तरी आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.